दोम्निकाची काळी गाडी

फाटक कोणी उघडेना. दोम्निकानं तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला. अंगणात कुत्रं भुंकून बेजार झालं होतं, धुराड्यातून धूर निघत होता, आणि गोठ्यामागे कोणीतरी घाईघाईनं गवत फेकत होतं.

"घरात कोणी नाही, साहेब!" गोठ्यामागून आवाज आला.

"मग बोलतंय कोण, कुत्रं?" दोम्निका गाडीतून उतरली. "तोआदेर, मी आहे! तुझी बायको कण्हतेय ते इथवर ऐकू येतंय, आणि तू लाकडं कसली झाकतोयस?"

कोपऱ्यातून एक डोकं बाहेर आलं. केसांत गवत. त्यानं आधी सुईणीकडे बघितलं, मग तिच्या मागच्या लांबलचक काळ्या गाडीकडे.

"मावशी, तुम्ही होय! मला वाटलं जंगल खात्याचे साहेब आले. कुणाची ही?"

"माझी. शनिवारपासून."

तिची छोटी पांढरी गाडी अख्ख्या डोंगराला ठाऊक होती. डिसेंबरात खालच्या वळणावर ओंडक्यांच्या ट्रकची साखळी तुटली आणि चार ओंडके त्या गाडीवर आले. दोम्निका मागच्या काचेतून रांगत बाहेर पडली. विम्याचा माणूस गाडीभोवती एकदा फिरला आणि त्यानं लिहिलं, दुरुस्त होण्यासारखी नाही. मग भाच्यानं शहरातून ही शोधून आणली. बारा वर्षं जुनी, कुठल्याशा बँकेच्या संचालकाची, चामड्याच्या सीटची, मागच्या काचेला पडदा असलेली.

"ह्यात बसून मी बाळंतपणं करू, की उद्घाटनं?" दोम्निका म्हणाली होती.

"आत्या, हिचा पत्रा जाड आहे," भाचा एवढंच बोलला होता.

आत राफिला पलंगाची कड धरून उभी होती. पहिलंच बाळंतपण. पहाटे पाणी गेलं होतं. दोम्निकानं हात धुतले, पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं. बाळाचं डोकं वर होतं, बरगड्यांखाली.

"घोंगडी घे," ती तोआदेरला म्हणाली. "इस्पितळात जायचंय."

"अँब्युलन्स बोलावू का?"

"ती घाटापलीकडे गेलीय. यायलाच दीड तास लागेल. चल, उचल तिला."

जुन्या गाडीत अडलेली बाई गुडघे हनुवटीला टेकवून बसायची. राफिला मागच्या सीटवर डाव्या कुशीवर लांब आडवी झाली, तरी पायाशी जागा उरली. तोआदेर पुढे बसला. त्यानं बूट काढून हातात धरले होते.

"बूट घाल, गाढवा!"

रस्ता ओला होता. मार्चचं ऊन बर्फावर पडलं होतं आणि दोन्ही बाजूंनी पाणी वाहत होतं. गाडी जड होती, पण वळणं शांतपणे घेत होती. मागून कळ आली की दोम्निका मोठ्यानं आकडे मोजायची, आणि तोआदेरही तिच्याबरोबर मोजायचा.

मग ते खालचं वळण आलं. डिसेंबरनंतर दोम्निका त्याच्या पलीकडे गेलीच नव्हती. नवी गाडीसुद्धा भाच्यानंच वर आणून दिली होती.

वळणावर ओंडक्यांनी भरलेला ट्रक उभा होता. दरीच्या बाजूला एका गाडीपुरती वाट होती.

दोम्निकानं ब्रेक दाबला. तिचा पाय तिथून उचलेना.

"मी चालवू का?" तोआदेरनं हळूच विचारलं.

"येते तुला?"

"ट्रॅक्टर येतो."

मागून राफिलाचा दम लागलेला आवाज आला. "मावशी, पोचलो का?"

ओंडक्यांची पांढरी कापलेली तोंडं काचेसमोर होती. दोम्निकानं ती मोजली नाही. साखळी मात्र बघितली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"आत्ता पोचतो, पोरी," ती म्हणाली आणि तिनं पाय उचलला.

एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला कठडा. आरशाला बोटभर जागा होती. तोआदेरनं डोळे मिटून घेतले. गाडी पलीकडे गेली, वळण संपलं, खाली नदी दिसली. 

दोम्निकानं निघतानाच फोन केला होता, इस्पितळात स्ट्रेचर तयार होतं. पाऊण तासानं नर्स बाहेर आली. मुलगी. तीन किलो शंभर. ऑपरेशन नीट झालं, आई शुद्धीवर येतेय, दोघी ठीक आहेत.

तोआदेरनं आधी नर्सला मिठी मारली, मग पहारेकऱ्याला, मग भिंतीला डोकं टेकून हुंदके देत राहिला. दोम्निकानं त्याच्या पाठीवर थोपटलं. हसू तिलाच आवरत नव्हतं.

"मावशी, गोठ्यामागची ती लाकडं..." तो म्हणाला.

"मी काही बघितलं नाही. जा, पोरीला बघ."

ती इस्पितळाच्या आवारात आली. नळावरून बादलीभर पाणी घेऊन तिनं गाडीचं मागचं दार उघडलं. घोंगडी सरकली होती, सीटवर ओल आणि रक्त होतं. जुन्या गाडीच्या कापडी सीटवर असे डाग साबणानंही गेले नव्हते. बावीस वर्षांचे डाग, कुठला कुणाच्या वेळचा ते तिला सांगता यायचं. गाडीबरोबर तेही भंगारात गेले होते.

चामडं एकदा पुसताच स्वच्छ झालं. बँकेच्या साहेबांनी ठेवलं असेल तसं काळं, तुकतुकीत. फक्त शिवणीत, दोऱ्यावर, एक थेंब मुरला होता.

दोम्निकानं फडकं पिळून त्यावर नेलं, आणि न पुसताच दार लावून घेतलं.