वरच्या फळीवरचे वेटोळे

सकाळी साडेसहाला कुतोसीने चहा घेतला, कालचे उकडलेले रताळे खाल्ले, चाकूचे पाते दगडावर दोनदा फिरवले आणि शिडी सायकलला बांधली. सातला तो म्बाले गावाच्या डोंगरउतारावर नाबिफोबाईंच्या अंगणात होता. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, विज्ञान शिकवायच्या. घरावर फणसाची दाट सावली असल्यामुळे महिन्यापूर्वी त्याने त्यांची डिश कॉफीच्या झाडांपलीकडे, मोकळ्यावर बसवली होती. तिथून घरापर्यंत साठ पावलांची केबल. एवढ्या लांबीला आतली तार अस्सल तांब्याचीच हवी, हे त्यानेच बाईंना समजावले होते. डिशच्या तोंडाशी असलेल्या यंत्राला वीजही त्याच तारेतून मिळते. तार हलकी असेल तर वीज वाटेतच क्षीण होते आणि निम्मे चॅनल दिसेनासे होतात.

निम्मे चॅनल दिसेनासे झाले होते.

"संध्याकाळच्या बातम्या माझी मुलगी देते," बाई म्हणाल्या. "नेमका तोच चॅनल गेला. कुस्त्या तेवढ्या दिसतात. कुस्त्या बघून मी काय करू?"

त्याने आधी पावसाला दोष दिला, मग यंत्राला. बाईंनी सगळे ऐकून घेतले. मग त्या आतून घोड्याच्या नालेच्या आकाराचा शाळेतला जुना लोहचुंबक घेऊन आल्या आणि केबलच्या टोकाशी उघड्या असलेल्या तांबूस तारेजवळ त्यांनी तो धरला. तार खट्कन चिकटली.

"तीस वर्षं पोरांना शिकवलं, कुतोसी. तांबं चिकटत नाही. कुणाकडून घेतलीस?"

"वांबेदेकडून. आमची एकाच वर्षी सुंता झाली, बाई."

"म्हणजे खरवडून पाहिली नाहीस."

त्यांनी विचारले नव्हते, सांगितले होते. त्याही त्याच डोंगरातल्या. एकाच वर्षी सुंता झालेल्या गड्याची वस्तू पारखायची नसते, पारखली तर तो गडी उरत नाही, हे त्यांना माहीत होते. त्यांनी लोहचुंबक त्याच्या हातात ठेवला.

वांबेदेच्या दुकानात तीन गिऱ्हाइके होती. त्यांतला एक अनोळखी माणूस वरच्या फळीवरून काढलेल्या केबलच्या वेटोळ्याचे टोक सोलून तारेवर चाकू घासत होता.

"या, या! इतक्या सकाळी?" वांबेदे हसला. "बायकोनं हाकललं वाटतं!"

कुतोसीने बाईंकडून आणलेला केबलचा तुकडा फळकुटावर ठेवला आणि लोहचुंबक जवळ सरकवला. तुकडा फरफटत येऊन चिकटला.

वांबेदेने त्याला कोपऱ्यात ओढले. "हळू बोल. पोलादावर तांब्याचा मुलामा आहे. सगळेच विकतात."

"मला सुद्धा?"

"तुलाच." वांबेदेने खांदे उडवले. "परका माणूस खरवडून बघतो. त्याला खरी द्यावीच लागते. तू कुठे बघतोस? मग ही मी खपवू कुणाकडे, सांग ना!"

कुतोसी त्याच्याकडे पाहत राहिला. पंचवीस वर्षांपूर्वी अंगभर नाचणीचे पीठ फासून ते दोघे एकाच अंगणात शेजारी शेजारी उभे होते. सारा गाव पाहत होता. चाकू जवळ आला तेव्हा वांबेदेचा गुडघा थरथरला होता. थरथरलेल्याला गाव जन्मभर हसतो. ते फक्त कुतोसीने पाहिले होते. त्याने आपला पाय त्याच्या पायाला टेकवून तो स्थिर केला होता आणि आजवर कुणाला, स्वतःच्या बायकोलाही, सांगितले नव्हते.

वांबेदेलाही तेच आठवले असावे. त्याने गिऱ्हाइकांकडे पाहिले, मग कुतोसीच्या ओठांकडे. "असं काय बघतोस?" तो पुटपुटला. "उद्या बदलून देतो की! बोलू नकोस काही."

कुतोसी कोपऱ्यातून बाहेर आला, गिऱ्हाइकांच्या रांगेत शेवटी उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा त्याने वर बोट केले.

"ते वरचं काढा."

वांबेदेने वेटोळे काढले, पण हातातून सोडले नाही. "ही खरीच आहे रे," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला. "शप्पथ. तू तरी नको बघूस. सगळे बघतायत."

कुतोसीने वेटोळे त्याच्या हातांतून सावकाश सोडवून घेतले. टोक सोलले. सकाळी धार लावलेले पाते तारेवरून तीनदा फिरवले; आतपर्यंत तांबडेच होते. वांबेदेने मान फिरवली.

मग कुतोसीने लोहचुंबक जवळ नेला. तार जागची हलली नाही.