एकशे तेराची रिकामी जागा

"सहाशे चाळीस," जोवेलिनने कॉम्प्युटरवर आलेला नंबर वाचला. "हे घ्या, लोला, तुमचं नवं कार्ड."

सत्तरीच्या लोला पेरेग्रिनाने, म्हणजे पेरेग्रिना आजीने, कार्ड हातात घेतलंच नाही. "माझा एकशे तेरा होता."

होता खरा. आठ महिन्यांपूर्वी कोंबड्यांच्या झुंजीपायी नवऱ्याशी कडाक्याचं भांडून ती सेबूला लेकीकडे गेली, आणि जाता जाता गावच्या आरोग्य केंद्रातल्या म्हाताऱ्यांच्या यादीतून आपलं नाव काढायला लावून गेली. ते जोवेलिननेच काढलं. आज सकाळच्या बोटीने आली ती घरी न जाता पिशवीसकट थेट इथे.

"काढलेला नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, असा नियम आहे लोला. मधली जागा रिकामीच ठेवायची. नाहीतर एकाच्या गोळ्या दुसऱ्याच्या नावावर जातात."

"मग राहू दे. शेवटी बोलावशील, एवढंच ना? मला कुठे घाई आहे!"

दाराजवळच्या बाकावर एकशे बारा नंबरचे लोलो क्रिसांतो, म्हणजे तिचे यजमान क्रिसांतो आजोबा, बसले होते. तपासणीला नंबराने बोलावतात, म्हणून इतकी वर्षं ही दोघं शेजारी बसत आली. गेले आठ महिने म्हातारा शेजारच्या जागेवर टोपी ठेवायचा आणि कोणी बसायला आलं की अंगावर जायचा. आज टोपी मांडीवर होती. पण तोंडाने काही मागेल तर शपथ! जोवेलिनला त्याचा रागही आला आणि मायाही.

"दुसऱ्याला द्यायचा नाही," ती पुटपुटली. "पण ही दुसरी कुठे आहे?"

तिने नवी नोंद काढून टाकली. सहाशे चाळीसची जागा आता रिकामी राहणार होती, राहो बापडी. मग जुनी नोंद शोधून ती परत आणायला घेतली, तर कॉम्प्युटरने प्रश्न विचारला. तिने तो मोठ्याने वाचला, "ही तीच व्यक्ती असल्याची खात्री आहे का?"

"त्याला विचार," भिंतीकडे बघत लोला म्हणाली.

म्हातारा उठून टेबलापाशी आला. बायकोकडे त्याने वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

"वाळलीय. लेकीने धड जेवायला घातलेलं दिसत नाही." मग तो जोवेलिनवर खेकसला, "तोंड काय बघतेस माझं? तीच आहे. हो म्हण त्याला!"