कंदील धरलेला हात
एल्फांच्या मोहिमेची चित्रकादंबरी अकराव्या भागावर आली होती, तरी हरवलेला मुकुट सापडायचं नाव घेत नव्हता. चित्रकार पेन्सिलनं चित्रं काढायचा, बायको त्यांवर शाई फिरवायची. हल्ली त्याचा हात थरथरायचा. तिच्या ब्रशखाली मात्र प्रत्येक रेघ गुमान सरळ व्हायची, आणि त्याबद्दल दोघंही चकार शब्द काढत नसत. आज तिनं वाळत ठेवलेलं पान बघून तो चपापला. डोंगर, तलवारी, टोकदार कान, सगळं जिथल्या तिथे. फक्त म्हाताऱ्या एल्फचा कंदील धरलेला हात थरथरताच होता. “हा राहिला का गं?” “राहिला नाही, ठेवलाय,” ती ब्रश धूत म्हणाली. “इतकी वर्षं वणवण करतोय बिचारा. दमणार नाही का?” पेन्सिल उचलून पुढच्या चौकटीत चित्रकारानं सगळ्यात आधी एक दगड काढला, दोघांना टेकता येईल एवढा.