भोंग्यावरची बाई

"जन्म गेला माझा या घरात. पाणी कधी पायरी चढलं नाही. आणि तू मला शिकवतेस?" बाबांनी फोन ठेवूनच दिला.

ती धरणाच्या नियंत्रण कक्षात उभी होती. वरून लोंढा येत होता. थोड्याच वेळात सगळे दरवाजे उघडावे लागणार होते, आणि त्याआधी नदीकाठची वस्ती रिकामी व्हायला हवी होती. त्याच वस्तीत बाबा खुर्चीत पाय पसरून बसले होते.

तेवढ्यात भोंग्याची गाडी परत आली. सूचना वाचणारी बाई घामाघूम होऊन आत शिरली. "कुणी हलत नाही हो! हात दाखवतात आणि आत जातात."

बाई फक्त वाचायची; सूचना लिहिली होती बाबांच्या या लेकीनेच. 'विसर्गात वाढ होत असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' तिने तो कागद चुरगळला. नवा ओढला. डोळ्यांसमोर बाबांची खुर्ची आणली आणि लिहीत सुटली. शब्द थांबत नव्हते.

साहेबांनी वाचलं. "अहो, ही सूचना आहे की नाटक?"

"सर, सतर्क राहा म्हटलं की लोक सतर्क राहतात. खिडकीत बसून!"

साहेबांनी खिशातून पेन काढलं. मग त्यांनी घाईघाईने सही ठोकली.

गाडी सुसाट सुटली. जरा वेळाने वाऱ्यावरून आवाज वर आला.

"पाणी निघालंय हो! आधी पायरीवर येईल, मग न विचारता घरात. ओट्यावर चढेल, पलंगावर चढेल, तुमच्या उशीवरून वाहील. गुडघे दुखतात, उठवत नाही, आम्हाला ठाऊक आहे. पाण्याला ठाऊक नाही! भांडीकुंडी पुन्हा घेता येतील. पण उद्या लेक दारात येऊन हाक मारेल, तेव्हा ओ कोण देणार? उठा! चपला शोधत बसू नका. निघा!"

खिडकीतून खाली वस्ती दिसत होती. एक दार उघडलं. मग शेजारचं. बघता बघता गल्ली माणसांनी भरली. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या पाठीवर म्हातारी, एकाच्या डोक्यावर चक्क टीव्ही. सगळे टेकडीवरच्या शाळेकडे चालू लागले.

"निघाले! सर, निघाले!" ती किंचाळली. साहेबांनी टेबलावर थाप मारली.

ती शाळेत धावली. वर्ग पाहिले, व्हरांडा पाहिला. बाबा कुठेच नव्हते. ती पुन्हा बाहेर पळाली.

आणि फाटकातून ते आत आले. अनवाणी, घामेजलेले, शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घेत. तिने जाऊन त्यांना मिठीच मारली.

"तुझ्या सांगण्यावरून नाही हं आलो," बाबा धापा टाकत म्हणाले. "ती भोंग्यावरची बाई काय बोलली! काळजालाच हात घातला. जरा शीक तिच्याकडून, माणसाला कसं सांगायचं ते."