मोठ्या निगेटिव्हचा एन्लार्जर

लग्नसराईची रिळं धुऊन धुऊन गोरक्ष पार शिणला होता. द्वारका चौकाजवळच्या बंद पडलेल्या स्टुडिओतला, मोठ्या निगेटिव्हचा एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र, घ्यायचा की नाही, हे एकदाचं ठरवायचं आणि घरी जाऊन पडायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

“घरातल्यांची निगेटिव्ह तेवढी लावू नका, भाऊ,” डार्करूमचं दार ओढून घेताना मालनबाई म्हणाल्या. यंत्र त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचं.

पण यंत्र पारखायचं तर रेष न् रेष पाठ असलेली निगेटिव्हच हवी. गोरक्षला पाठ होती ती घरच्या ग्रुप फोटोची. त्याने तीच लावली.

खाली पांढऱ्या कागदावर काळे चेहरे आणि पांढरे केस उमटले. वडिलांच्या चेहऱ्यावर त्याने भिंग धरलं. डोळे मिटलेले.

निगेटिव्ह काढून त्याने लाल दिव्यासमोर धरली. डोळे चांगले उघडे होते. परत लावली. मिटलेले.

वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. शेजारी आई होती, गेल्या दिवाळीत गेलेली. तिचेही मिटलेले. बायकोचे उघडे होते. त्याचे स्वतःचेही उघडे.

राहिली आरोही. ती सकाळीच एसटीने एकटी घोटीला मामाकडे गेली होती.

भिंग लेकीपर्यंत सरकलं, आणि तिचे डोळे दिसायच्या आत गोरक्षने खटकन एन्लार्जर बंद केला.

“पोरीचं बघायचं राहू दिलंत, बरं केलंत,” बंद दाराबाहेरून मालनबाई म्हणाल्या. “आमच्या ह्यांनी नाय राहू दिलं.”