सुरगुतची थंडी

ओश शहरातल्या आमच्या पाटबंधारे कचेरीत सगळ्यांत मिळून एकच कॉम्प्युटर, आणि आमच्या साहेब बुरुलचाताईंनी त्यावरचं सगळं बंद करायला लावलं. पत्ते गेले, गाणी गेली, सिनेमे गेले. उघडायचं ते फक्त कालव्याचं काम आणि, का कुणास ठाऊक, रशियातल्या सुरगुत शहराचं हवामान.

"इथं पाऊस पडणार का ते दिसत नाही, अन् सुरगुतची थंडी दिसते," शेजारच्या टेबलावरची अनारा म्हणाली. "हे काय गौडबंगाल आहे?"

मला तरी काय कळणार? हे सगळं बंद करणाऱ्या मक्सातलाच बोलावलं. तोही डोकं खाजवत बसला. "माझ्याकडून राहून गेलं असेल. थांबा, आत्ता बंद करतो."

"त्याला हात लावू नकोस." ताई दारात उभ्या होत्या.

ताईंनी चष्मा लावून पडद्यावरचे उणे एकतीस वाचले. मग आपल्या खोलीत गेल्या आणि एक जुनी केसाळ कानटोपी घेऊन आल्या.

"मक्सात, तुझा भाऊ सुरगुतलाच कामाला चाललाय ना? तिथं आमच्या पोराला एवढी देईल का?"

भांडून घर सोडून गेल्यापासून त्या पोराचं नाव ताईंसमोर काढायची कुणाची छाती नव्हती.

"देईल की, ताई. तुम्ही दिली म्हणून सांगेल."

"तेवढं नको सांगू म्हणावं," ताई म्हणाल्या. "मग तो घालायचा नाही."