मागे बघ

"मूल द्यायचं ते हातात द्यायचं. आणि समोरचा ‘घेतलं’ म्हणेपर्यंत आपला हात सोडायचा नाही," ठकीला दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं होतं. तिला तेव्हा हसू आलं होतं. "आई, ठकी म्हणजे काय कुरिअरचं पार्सल आहे, सही घेऊन द्यायला?"

आता ठकी अडीच वर्षांची होती आणि समुद्रकिनारी सासूबाईंशेजारी वाळूचे डोंगर रचत होती.

"देवमासे!" कुणीतरी ओरडलं. छत्र्यांखालची माणसं भराभर उठली. लाटा फुटतात त्याच्या जरासं पलीकडे, दगड मारला तर लागेल इतक्या जवळ, एक काळी पाठ वर आली. मग दुसरी. पाण्याचा फवारा उडाला. लोकांनी टाळ्या पिटल्या. त्या दोन पाठींच्या अलीकडे, सर्फिंगच्या निळ्या फळीवर, लाटेची वाट बघत तिचा नवरा बसला होता.

"आई, ठकीकडे बघा हं!" म्हणत ती धावत सुटली. मधला घोटाभर पाण्याचा खोलगट पट्टा ओलांडून पुढच्या वाळूच्या उंचवट्यावर चढली.

"मागे बघ! अरे, मागे बघ!" घसा फाटेस्तोवर ती ओरडत राहिली.

तो मागे बघेना. फळीवर पालथा पडून दोन्ही हातांनी पाणी कापत किनाऱ्याकडे येत होता. तोही ओरडत होता, पण लाटांच्या आवाजात शब्द बुडत होते. चेहरा पांढराफटक. भ्यालाय, तिला वाटलं. त्यानं बघितलाय देवमासा. तेवढ्यात त्याच्या मागे दरवाजाहून रुंद शेपूट उभं राहिलं आणि धाडकन आपटलं. तिनं डोळे घट्ट मिटले.

उघडले तेव्हा तो फळी सोडून धडपडत वाळूवर चढत होता. तिनं दोन्ही हात पसरले. तिला बाजूला ढकलून तो पुढे गेला.

ती वळली. मघाचा घोटाभर पट्टा भरतीच्या लाटांनी गुडघ्यापर्यंत भरला होता. त्यात ठकीची पिवळी टोपी होती. टोपीखाली ठकी होती. पालथी.

त्यानं ठकीला उचललं. पाठीवर एक थाप. दुसरी. काहीच नाही. तिसरी. मग खोकला, मग उलटी, आणि मग तो भोकाड पसरलेला आवाज, ज्याला ती एरवी वैतागायची.

"किती ओरडत होतो," तो धापा टाकत म्हणाला, "मागे बघ म्हणून!"

सासूबाई पडत-झडत आल्या. गळ्यात कुणाची तरी दुर्बीण लटकत होती.

"अगं, ती तुझ्या मागोमाग आली होती ना? मी कुठे ‘घेतली’ म्हणाले होते?"

देवमासे केव्हाच निघून गेले होते, कुणाच्या वाटेलाही न जाता.

हल्ली ती भेटेल त्याला एकच विचारते. तुम्हालाही विचारतेय: तुमचं पोर आत्ता कुणाकडे आहे? तो माणूस ‘घेतलं’ म्हणाला होता? आठवत नसेल तर हे वाचणं राहू द्या. आधी उठा, बघून या.